मांडव एक असला म्हणून वेल एक होत नाही

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझं माहेर कॅथलिक. सासर शरणपूरच्या बाजूचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं. धाकटे दीर पाच वर्षांपूर्वी एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये गेले, तिथे त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि आमचा लहानपणीचा बाप्तिस्मा आता ते मानत नाहीत. नाताळला आम्ही सगळे एका पंगतीला जेवतो, पण प्रभूच्या मेजाशी, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला, एकत्र येऊ शकत नाही. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हा कबरेपाशी प्रार्थना कोणी करायची यावरूनही कुजबुज झाली. मग 'आपण सर्व ख्रिस्तात एक' हे नुसतं म्हणायचं का? आणि ख्रिस्ताशी एक होणं म्हणजे नेमकं काय? मला तर आत काहीच जाणवत नाही."

ताई, मी चौतीस वर्षं पाळक म्हणून सेवा केली, त्यातली बरीचशी नाशिक शहरात आणि दिंडोरी-निफाडकडच्या मंडळ्यांमध्ये. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. आधी चर्चांचं भांडण मिटवायला बसतो आणि ख्रिस्ताचं नाव निघतं ते उठताना म्हणायच्या प्रार्थनेत.

वेल आणि फाट्यांचा दाखला मी सेमिनरीत शिकलो होतो, योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय: 'मी वेल, तुम्ही फाटे' असं येशू शिष्यांना म्हणतो. तो मला कळला मात्र दिंडोरीकडच्या एका बागेत. आमच्या मंडळीतले एक वडीलजन द्राक्षबागायतदार होते. त्यांनी नवीन प्लॉटवर आधी डॉगरीज लावलं होतं. डॉगरीज हा मूळचा अमेरिकेतला रानटी खुंट. पाण्याचा ताण सोसतो, खारवट जमीन सोसतो, पण त्याच्या स्वतःच्या फळाला बाजारात कोणी विचारत नाही. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि चांगल्या जातीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. सालीच्या आतली हिरवी रेघ खुंटाच्या हिरव्या रेघेला भिडली पाहिजे. मग पट्टी घट्ट गुंडाळायची आणि थांबायचं.

पंधरा-वीस दिवस बाहेरून काहीही दिसत नाही. काडी वाळकी, डोळे मिटलेले. मी आठवड्याने परत गेलो आणि विचारलं, "लागलं का कलम? जरा पट्टी सोडून बघू का?" ते म्हणाले, "पाळकसाहेब, पट्टी सोडून बघायची नसते. बघायला गेलं की तुटतं."

तुम्ही लिहिता की आत काहीच जाणवत नाही. ताई, काडीला रस चढल्याचं जाणवत नसतं. आपण ख्रिस्ताशी जोडलेले आहोत की नाही हे आपल्या मनाच्या उभारीवर ठरत नाही. त्याने आपल्याला स्वतःशी जोडून घेतलं यावर ते ठरतं. कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो की तुमचं जीवन ख्रिस्तासह देवामध्ये गुप्त ठेवलेलं आहे. गुप्त आहे, म्हणजे तुमच्याही नजरेपासून गुप्त आहे. रोज सकाळी उठून 'आज मला प्रभू जवळ वाटतो का' हे तपासत बसणं म्हणजे पट्टी सोडून बघणं. मी स्वतः कित्येक वर्षं हे केलं आणि त्या वर्षांत माझी प्रार्थना फार कोरडी झाली, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. कलम लागलंय हे कळतं ते पालवी फुटल्यावर. तीही बहुधा काडीच्या आधी शेजाऱ्याला दिसते.

रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलही कलमाचाच दाखला देतो, पण जैतुनाच्या झाडाचा. तो वाचताना मला त्या बागायतदारांचीच आठवण येते. शेतकरी काय करतो? रानटी खुंटावर गोड जातीची काडी बसवतो. देवाने काय केलं? चांगल्या झाडावर रानटी फांदी, म्हणजे यहुदी नसलेले आपल्यासारखे लोक, बसवली. पौल स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. बागेत काडी आपलं फळ आपणच ठरवते, खुंट कोणताही असो. इथे रानटी फांदीला मुळाच्या गोडीचं फळ लागतं. कृपा हा शब्द आपण फार वापरतो. मला त्याचा याहून नेमका अर्थ कुठे सापडलेला नाही.

महाराष्ट्रात हे बोलताना एक प्रश्न हमखास येतो. मग हे अद्वैतच झालं ना? जीव शिवात विरून जातो, तसंच? नाही. मीठ पाण्यात विरतं तेव्हा मीठ उरत नाही. फाटा वेलीत विरत नाही. त्याचे डोळे वेगळे, त्याची पानं वेगळी, त्याच्या घडांचा भार वेगळा. जीवन तेवढं त्याचं स्वतःचं नाही. आपल्या मराठी बायबलमध्ये यासाठी सुंदर शब्द आहे, 'ख्रिस्ताच्या ठायी'. पौलाच्या पत्रांत या अर्थाचे शब्द शंभराहून अधिक वेळा येतात. ठाय म्हणजे जागा, ठावठिकाणा. तुम्ही कोण आहात हे सांगायला आधी तुम्ही कुठे आहात ते सांगावं लागतं, असं पौल म्हणतो. तुमचा पत्ता ख्रिस्त. दिरांचाही तोच, तुमच्या आईचाही तोच.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या भाषेत एकी, एकजूट, एकोपा आणि ऐक्य हे चार शब्द आहेत आणि आपण ते अदलाबदलीने वापरतो. एकी करावी लागते. एकजूट बांधावी लागते. एकोपा सांभाळावा लागतो, चार माणसं समजुतीने वागली तर तो टिकतो. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल ऐक्याबद्दल लिहितो तेव्हा क्रियापद कोणतं वापरलंय ते पाहा: आत्म्याचं ऐक्य राखायला झटा. राखा. शेत राखतात, बाग राखतात. जे नाही ते कोणी राखत नाही. ऐक्य निर्माण करायचं काम आपल्याला दिलेलंच नाही. ते झालेलं आहे, आपल्याला राखणदार नेमलं आहे.

द्राक्षबागेत मांडव असतो. लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारा. दोन वेगळ्या वेलींच्या काड्या एकाच तारेवर शेजारी शेजारी बांधल्या की पानं अशी मिसळतात की कुठली काडी कोणत्या वेलीची ते वरून कळत नाही. पण तारेतून रस वाहत नाही. रस खोडातून येतो. आपल्या संस्था, समित्या, घटना, बिशपांची सभा, रविवारचा उपासनाक्रम हा सगळा मांडव आहे. त्याला मी कमी लेखत नाही. मांडव नसेल तर वेल जमिनीवर लोळते आणि घड कुजतात. पण मांडव एक झाला म्हणजे आपण एक झालो, ही एक चूक. मांडव वेगळे आहेत म्हणजे आपण एक नाही, ही तितकीच मोठी दुसरी चूक. तुमच्या घरात सगळेच या दुसऱ्या चुकीत सापडलेत असं मला दिसतं.

मांडव एक करण्याचं काम आपल्याकडे झालेलंच नाही असंही नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च (काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मिळून आधीच झालेली), बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांपैकी काही, असे सहा एकत्र आले. बोलणी 1929 पासून चालली होती, म्हणजे चार दशकं. मेथडिस्टांचा मोठा गट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाला. या एकत्र येण्यातली एक गोष्ट तुमच्या दिरांना शांतपणे सांगा. त्या सहांमध्ये तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देणारेही होते आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारे बॅप्टिस्ट व ब्रदरनही होते. दोन्ही प्रथा एकाच चर्चमध्ये मान्य झाल्या. दोन्ही बाजूंचे लोक आपल्या मताला हलके समजणारे नव्हते. तरी त्यांनी ठरवलं की पाणी कधी घातलं यापेक्षा कोणाच्या नावाने घातलं हे मोठं आहे.

खुद्द प्रभूने ऐक्याबद्दल काय केलं? धरून दिल्या जाण्याच्या रात्री, योहान सतराव्या अध्यायात, त्याने प्रार्थना केली. शिष्यांना हुकूम देऊन तो थांबला असता तरी चाललं असतं, पण त्याने पित्याकडे मागितलं, आणि पुढे त्यांच्या वचनावरून विश्वास ठेवणाऱ्यांसाठीही मागितलं. त्यात आपण आलो, नाशिकरोड आणि शरणपूर आलं. ही प्रार्थना पित्याने ऐकलीच नाही असं मला म्हणवत नाही.

शौलाला, म्हणजे पुढे पौल झाला त्यालाच, दिमिष्काच्या वाटेवर येशूचा आवाज आला तो आठवा: "शौला, शौला, माझा छळ का करतोस?" शौल येशूला कुठे छळत होता? तो बायाबापड्यांना घरातून ओढून तुरुंगात टाकत होता. ख्रिस्ताने 'त्यांचा' म्हटलं नाही, 'माझा' म्हटलं. मंडळी हे ख्रिस्ताचं शरीर आहे हे पौल पुढे आयुष्यभर शिकवत राहिला. मला वाटतं तो ते त्या एका शब्दात शिकला. तुमच्या दिरांबद्दल तुम्ही जे बोलता ते तिथेच पोचतं. ते तुमच्याबद्दल बोलतात तेही.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण चर्चचे पंथ हा आपल्याकडचा सर्वांत खोल तडा नाही. सर्वांत खोल तडा जातीचा आहे, आणि तुमच्या पत्रात तो नसला तरी आपल्या सगळ्यांच्या घरात तो आहे. लग्नाच्या बोलण्यात 'ख्रिस्तीच हवेत, पण मूळचे कुठले' हा प्रश्न मी किती दिवाणखान्यांत ऐकला याची मोजदाद नाही. एका गावातल्या मंडळीत मी नवीन असताना पहिलं प्रभुभोजन दिलं, तेव्हा प्याला आधी कोणत्या घरांकडे जातो याचा एक न बोललेला क्रम आहे हे माझ्या लक्षात आलं. मी त्या दिवशी गप्प बसलो. पुढच्या महिन्यातही गप्प बसलो. तिसऱ्या वेळी उलट टोकापासून सुरुवात केली, तेव्हा दोन कुटुंबं उठून गेली. त्यातलं एक परत आलं, दुसरं आलं नाही. पहिल्या दोन महिन्यांचं मौन मला अजून बोचतं.

करिंथच्या मंडळीत हेच चाललं होतं. पैसेवाले आधी येऊन जेवत, कामकरी उशिरा येत तोवर काही उरत नसे. पौल त्यांना लिहितो की तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच, आणि शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो. शरीर म्हणजे भाकरीतलं ख्रिस्ताचं शरीर, असा अर्थ आपण सांगतो आणि तो खरा आहे. पण त्याच पत्रात आधीच्या अध्यायात तो म्हणतो की भाकरी एक आहे म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत. शेजारी बसलेल्याला न ओळखणं हेही शरीर न ओळखणंच आहे.

नाशिककरांना बंद दाराबद्दल सांगायला नको. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. दार उघडलं नाही. यरुशलेमच्या मंदिरातही परक्यांसाठी एक कठडा होता. त्यावरच्या ग्रीक शिलालेखाचा दगड 1871 मध्ये सापडला. त्यात लिहिलंय की परजातीय माणसाने या कठड्याच्या आत येऊ नये, जो सापडेल तो आपल्या मृत्यूला स्वतः जबाबदार. पौलाला यरुशलेमात पकडलं ते याच आरोपावरून, की त्याने इफिसच्या त्रफिमाला आत नेलं. आणि इफिसकरांनाच लिहिलेल्या पत्रात वाक्य येतं की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली. ही भिंत पौलाने पुस्तकात वाचलेली नव्हती. ती मोडल्याच्या आरोपाखाली तो कैदेत गेला होता. काळारामचं दार आठवून आपण दुसऱ्यांना नावं ठेवतो तेव्हा आपल्या चर्चमधला बाकांचा क्रम आधी पाहावा, एवढंच मला म्हणायचं आहे.

तुमच्या सासरच्या शरणपूरचंच पाहा. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली गेली, आणि त्यांतली काही इथे, शरणपूरच्या आश्रमात वाढली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना याने वाचली, आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांतही तो होता. कबरेपाशी प्रार्थना कोणी करायची म्हणून तुमच्याकडे कुजबुज झाली, असं तुम्ही लिहिलंत ना? तिथे ती ज्याने केली त्याला गुलाम म्हणून विकलं गेलं होतं, आणि तो आपल्या नाशिकला शिकला होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घरही आपल्या जवळचंच. लक्ष्मीबाई जलालपूरच्या, गोदावरीकाठच्या. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि संसार दुभंगला, दोघं काही वर्षं वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, तरी सुरुवातीला त्यांचं सोवळंओवळं आणि स्वयंपाक वेगळाच होता. मग विचार करता करता, आतून, जातीचा विटाळ गळून पडला आणि त्या सर्वांच्या हातचं खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. आधी पंगत, मग पाणी. टिळक स्वतः सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि 1917 मध्ये त्यांनी देवाचा दरबार उभारला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त त्यांनी घेतले. दरबार त्यांच्यामागे फार चालला नाही. पण मांडव आणि वेल यांतला फरक त्यांना नीट कळला होता.

आता तुमच्या घरचं.

माहेरच्या बाबतीत: कॅथलिक चर्च पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला आपला बाप्तिस्मा खरा मानतं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये बाहेरच्या अशा ख्रिस्ती लोकांना बंधू म्हणून स्पष्ट स्वीकारलं. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, मात्र फादर सहसा तुम्हाला पवित्र भाकर देणार नाहीत. ते त्यांच्या शिकवणुकीला धरून आहे, तुमचा अपमान म्हणून नाही. आईबरोबर मिस्सेला जा, आणि भाकर घ्यायला ती उठेल तेव्हा बसून राहा. ते बसून राहणं दुखेल. दुखू द्या. एका शरीराच्या दोन अवयवांमध्ये जखम असेल तरच दुखतं. अवयव वेगळ्या शरीरांचे असते तर दुखलं नसतं. दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, तो दोन्ही घरांनी मिळून पाळता येईल.

दिरांच्या बाबतीत: बाप्तिस्म्यावर वाद घालू नका. त्यांनी पुन्हा पाणी घेतलं ते प्रभूवरच्या ओढीनेच घेतलं, हे आधी त्यांच्या तोंडावर मान्य करा. आपल्या जुन्या मंडळीत त्यांना ती ओढ कोणी विचारली नसेल, ही आमच्यासारख्या पाळकांची कसूर. मात्र 'आमच्या हॉलबाहेर तारण नाही' असं कोणी शिकवत असेल, तर तिथे गप्प बसू नका. ऐक्य राखायचं म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान हलवायची असं नव्हे. राखणदार कधी कधी हाकही मारतो.

तुमच्या सासूबाईंच्या पहिल्या स्मरणविधीची वेळ जवळ आली असेल. तो चर्चमध्ये न ठेवता घरी ठेवा. योहान सतरावा अध्याय दिरांना वाचायला सांगा, पूर्ण, विसाव्या वचनाच्या आधीच न थांबता. गीत तुमच्या आईला सांगू द्या. प्रार्थना कोणी एकाने करण्यापेक्षा प्रत्येकाने एक वाक्य बोलावं, सर्वांत लहान नातवंडापासून सुरुवात करून. आणि जेवायला वाढायचं काम दिरांना आणि तुमच्या भावाला मिळून द्या. एकाकडे भाताचं पातेलं, दुसऱ्याकडे आमटीचं, म्हणजे दोघांना एकामागे एक चालावं लागेल. माझ्या अनुभवात समेटाच्या बैठकीत जे निघालं नाही ते पंगतीत वाढताना पुष्कळदा निघालं आहे.

शनिवारी संध्याकाळी ठेवणार असाल तर मीही येईन. रविवारी सकाळी मला ओझरला उपासना आहे.